भाड्याच्या घरातील किरकोळ दुरुस्ती: खर्च घरमालकाचा की भाडेकरूचा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

छत कोसळले किंवा भिंतीला आरपार तडा गेला, तर खर्च कोणी करायचा याबद्दल सहसा कोणाला शंका नसते. वाद होतो तो ठिबकणाऱ्या नळावरून, तुंबलेल्या मोरीवरून, न लागणाऱ्या कडीवरून. रक्कम लहान असते, पण "मीच का द्यायचे?" हा प्रश्न दोघांच्याही मनात घर करून बसतो. अशा वेळी पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. दुरुस्तीची रक्कम किती यापेक्षा वस्तू कशामुळे बिघडली, हा प्रश्न आधी विचारावा, या मतावर ही उत्तरे उभी आहेत.

किरकोळ दुरुस्ती नेमकी कशाला म्हणायचे?

रोजच्या वापरात हाताखाली येणाऱ्या वस्तूंची, भिंत किंवा फरशी न फोडता आणि थोड्या वेळात होणारी दुरुस्ती म्हणजे किरकोळ दुरुस्ती, अशी ढोबळ व्याख्या करता येते. नळाचा वॉशर, फ्लशच्या टाकीतील फ्लोट, दाराची कडी, सैल झालेली बिजागरी, खिडकीची जाळी, दिवा, स्विच, सॉकेट या वस्तू त्यात मोडतात. भिंतीच्या आतून गेलेले पाइप, वायरिंग, छत, पाया, बाहेरचा गिलावा आणि मुख्य ड्रेनेज लाइन या गोष्टी त्यात येत नाहीत, मग त्यांच्या एखाद्या विशिष्ट दुरुस्तीचे बिल कितीही कमी असो. भिंतीतला पाइप थोडक्यात दुरुस्त झाला म्हणून तो भाडेकरूच्या वाट्याला जात नाही, आणि महागडा नळ आपटून तोडला म्हणून तो मालकाच्या गळ्यात पडत नाही.

खर्च कोणाचा हे ठरवण्याचा सर्वसाधारण नियम कोणता?

बिघाडाची कारणे साधारण तीन प्रकारची असतात. पहिले कारण म्हणजे वयोमान आणि नेहमीची झीज: रबर कडक होते, स्प्रिंग ढिली पडते, रंग उडतो. वस्तू कोणीही वापरली असती तरी तिचे हेच झाले असते. भाडे घेण्यामागे ही झीज गृहीत धरलेलीच असते, म्हणून मूळ विचार असा की हा भार मालकाचा. दुसरे कारण निष्काळजीपणा किंवा गैरवापर: सिंकमध्ये तेल ओतणे, कमी क्षमतेच्या सॉकेटवर जास्त भाराचे उपकरण चालवणे, दार आपटणे. हा भार भाडेकरूचा. घरात आलेल्या पाहुण्याने किंवा भाडेकरूने बोलावलेल्या कामगाराने केलेले नुकसानही यातच धरले जाते. तिसरे कारण बांधकामातील किंवा बसवणुकीतील मूळचा दोष: उतार न दिलेली न्हाणीघराची फरशी, चुकीच्या उंचीवर बसवलेला पाइप. तो दोष भाडेकरू राहायला आल्यानंतर दिसला, एवढ्यावरून तो भाडेकरूचा होत नाही.

या तिन्हींच्या शेजारी एक चौथी गोष्ट असते, आणि गोंधळ बहुतेक वेळा तिच्याविषयीच होतो: नेहमीची देखभाल. जाळीतला कचरा काढणे, बल्ब बदलणे, बिजागरीला तेल घालणे, एसीचा फिल्टर धुणे यांत बिघाड काहीच नसतो. ही घरात राहणाऱ्याने करायची कामे आहेत आणि जगात जवळपास सगळीकडे ती भाडेकरूचीच मानली जातात. इंग्लंडच्या अपील न्यायालयात 1953 साली वॉरेन विरुद्ध कीन या खटल्यात लॉर्ड डेनिंग यांनी हीच रेषा आखली. भाडेकरूने घर शहाण्या भाडेकरूला शोभेल अशा रीतीने वापरावे, दिव्याचा फ्यूज उडाला तर दुरुस्त करावा, आपल्या कचऱ्याने तुंबलेले सिंक मोकळे करावे. मात्र वयोमानाने किंवा नेहमीच्या झिजेने घर नादुरुस्त झाले, तर ते दुरुस्त करण्याचे बंधन त्याच्यावर नाही, असे त्यांनी म्हटले. सत्तर वर्षांनंतरही नळ आणि मोरीच्या भांडणात यापेक्षा उपयोगी कसोटी सापडणे कठीण आहे.

करारात दुरुस्तीबद्दल काहीच लिहिलेले नसेल तर?

तेव्हा त्या ठिकाणचा कायदा लागू होतो आणि कायद्यांची उत्तरे एकसारखी नाहीत. इंग्लंडमध्ये 1985 च्या घरमालक व भाडेकरू कायद्याच्या कलम 11 नुसार सात वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्यात घराचा सांगाडा, बाहेरचा भाग, गटारे, तसेच पाणी, गॅस, वीज, स्वच्छतागृह आणि पाणी तापवण्याची व्यवस्था सुस्थितीत ठेवणे मालकाकडे असते. फ्रान्सने उलट बाजूने सुरुवात केली: 26 ऑगस्ट 1987 च्या सरकारी आदेशात भाडेकरूने करायच्या किरकोळ दुरुस्त्यांची यादीच दिलेली आहे, त्यात नळाचे वॉशर, फ्लशचे फ्लोट आणि फुटलेल्या काचाही आहेत. मात्र 1989 च्या कायद्याने त्याला महत्त्वाचा अपवाद जोडला, तो असा की बिघाड जीर्णपणामुळे, बांधकामातील दोषामुळे किंवा आकस्मिक आपत्तीमुळे झाला असेल, तर यादीतील वस्तूचाही खर्च भाडेकरूवर पडत नाही. नेदरलँड्समध्येही 2003 पासून अशी सरकारी यादी आहे. जर्मनीच्या दिवाणी संहितेत सगळी देखभाल मुळात मालकाची धरलेली आहे. भाडेकरूवर काही टाकायचे असेल तर ते करारात स्पष्टपणे आणि मर्यादेत लिहावे लागते.

भारतात 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 108 सांगते की, उलट करार किंवा स्थानिक रिवाज नसेल तर भाडेकरूने जागा ताब्यात घेतली तशी राखावी आणि परत करावी. वाजवी झीज आणि अटळ आपत्तीमुळे झालेले बदल यातून वगळले आहेत. केंद्र सरकारने 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कामांची वाटणी दिली आहे. सांगाड्याची दुरुस्ती, भिंतींची सफेदी, दारे-खिडक्यांचा रंग, पाइप बदलणे आणि वायरिंग मालकाकडे. नळ व वॉशर, मोरी साफ करणे, वॉश बेसिन, गीझर, स्विच, सॉकेट, कुलपे, जाळ्या आणि काचा भाडेकरूकडे. हा नमुना कायदा आहे, त्यामुळे राज्याने तो स्वीकारून आपला कायदा केला असेल तरच लागू होतो, आणि लेखी करारात वेगळे ठरले असेल तर करार वरचढ ठरतो. ही यादी वाचताना फ्रान्सच्या अपवादाची उणीव जाणवते. पंधरा वर्षे जुना गीझर नवा भाडेकरू राहायला आल्यावर दुसऱ्याच महिन्यात बंद पडला, तर तोही केवळ यादीत आहे म्हणून भाडेकरूनेच दुरुस्त करायचा का? अशा प्रसंगासाठी करारात एक वाक्य आधीच असणे केव्हाही चांगले.

"सर्व दुरुस्ती भाडेकरू करील" असे करारात लिहिले असेल तर ते बंधनकारक असते का?

ते त्या त्या ठिकाणच्या कायद्यावर अवलंबून असते. इंग्लंडमध्ये कलम 11 मधील जबाबदारी मालक करारातील वाक्याने भाडेकरूवर ढकलू शकत नाही. जर्मनीत असे सरसकट कलम न्यायालयात टिकत नाही. भारतात लेखी कराराला बरेच वजन आहे, त्यामुळे सही करण्यापूर्वी हे वाक्य नीट वाचलेच पाहिजे. "सर्व" हा शब्द खोडून "भाडेकरूच्या वापरामुळे आवश्यक झालेली किरकोळ" असे लिहून घ्यावे. मालक तयार नसेल, तर तो घर कोणत्या स्थितीत देत आहे हे अधिक बारकाईने तपासावे, एवढा सावधपणा त्या नकारातून शिकावा.

नळ ठिबकतो किंवा फ्लश सतत वाहतो, खर्च कोणाचा?

वॉशर बदलणे ही देखभाल आहे आणि बहुतेक याद्यांमध्ये ती भाडेकरूकडे आहे. पण वॉशर बदलल्यावरही काही आठवड्यांत नळ पुन्हा ठिबकू लागला, तर दोष सहसा वॉशरमध्ये नसून तो ज्या धातूच्या कडेवर टेकतो ती कड झिजलेली असते. तिच्यावर नवे रबर कापले जाते. असा नळ त्याचे आयुष्य संपवून बसला आहे आणि तो बदलण्याचा खर्च, वेगळे ठरले नसेल तर, मालकाने करणे न्याय्य ठरते. फ्लशबाबतही हेच: फ्लोट अडकला किंवा रबरी झडप कडक झाली तर काम किरकोळ असते, टाकीलाच चीर गेली तर नसते.

प्लंबर आला की त्याला कारण विचारावे आणि पावतीवर "वॉशर बदलला" किंवा "नळ झिजल्याने बदलला" असे दोन शब्द लिहून घ्यावेत. पुढचा अर्धा वाद त्या दोन शब्दांनी मिटतो.

मोरी किंवा सिंक तुंबल्यास?

आत काय सापडले यावर उत्तर ठरते. केस, साबणाचा थर, खरकटे, कापडाचा तुकडा निघाला तर खर्च घरात राहणाऱ्याचा. पाइप खचलेला, उलट्या उताराचा किंवा झाडाच्या मुळांनी भेदलेला निघाला तर मालकाचा. एकापेक्षा अधिक घरांची सांडपाण्याची लाइन एकत्र असेल, तर तळमजल्यावरच्या भाडेकरूच्या मोरीतून वर येणारे पाणी त्याच्याच घरातले असते असे नाही. ती सामायिक लाइनची बाब आहे. राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मोरी तुंबली, तर आधीच्या भाडेकरूचा साठलेला मळ असण्याची शक्यता मोठी असते आणि त्यासाठी नव्या भाडेकरूने पैसे द्यावेत असे म्हणणे धरून चालत नाही.

विजेच्या बाबतीत रेषा कोठे?

बल्ब आणि ट्यूब भाडेकरूच्या, भिंतीतील वायरिंग मालकाचे. मधल्या वस्तूंबद्दल मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. एमसीबी (वीजपुरवठा आपोआप तोडणारा सुरक्षा-स्विच) वारंवार पडते तेव्हा ती खराब झाली असेलच असे नाही. जास्त भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर पडणे हेच तिचे काम आहे. भाडेकरूचे एखादे उपकरण जोडल्यावरच ती पडत असेल तर दोष बहुधा उपकरणात किंवा भारात असतो. काहीही जोडलेले नसताना पडत असेल तर वायरिंगमध्ये. जळालेल्या सॉकेटचेही तसेच. त्याच्या मागील स्क्रू सैल राहिल्याने तापून जळाले असेल तर ते बसवणुकीतील न्यून आहे, आणि क्षमतेपेक्षा मोठे उपकरण लावल्याने जळाले असेल तर वापरातील चूक. खर्चाचा निकाल लागेपर्यंत ते सॉकेट वापरात ठेवू नये आणि भाडेकरूने स्वतः उघडूही नये, इलेक्ट्रिशियनला बोलावावे.

मालकाने दिलेला गीझर, पंखा, एसी किंवा फ्रिज बिघडला तर?

उपकरण भाड्यात समाविष्ट असेल, तर ते चालू स्थितीत ठेवणे हा भाड्याचाच भाग मानणे तर्कसंगत आहे. पण वर सांगितल्याप्रमाणे यादी किंवा करार वेगळे सांगू शकतो, म्हणून उपकरणांचा उल्लेख करारात नावानिशी असावा. नियमित सर्व्हिसिंग आणि दुरुस्ती हे दोन खर्चही वेगळे लिहावेत. पाण्यात क्षार जास्त असतील तर गीझरच्या कॉइलवर थर बसतो, पाणी तापायला वेळ लागतो आणि शेवटी कॉइल जळते. टाकीच्या गीझरमध्ये गंज स्वतःवर घेणारी मॅग्नेशियमची कांडीही असते. ती झिजून संपली आणि बदलली नाही की टाकीच गंजू लागते. वेळेवर सर्व्हिसिंग झाले असते तर टळला असता असा हा बिघाड आहे, आणि सर्व्हिसिंग कोणी करायचे हे लिहिलेले नसेल तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

मालक काही वेळा "फ्रिज आहे, हवा तर वापरा, बिघडला तर माझी जबाबदारी नाही" असे सांगतो. असे सांगण्यात गैर काही नाही, फक्त ते करारात लिहिलेले असावे.

भिंतीला ओल आली किंवा बुरशी धरली, तर दोष कोणाचा?

या विषयात दोन्ही पक्ष सर्वांत ठामपणे बोलतात आणि बहुतेकदा दोघांनीही भिंत नीट पाहिलेली नसते. मालक म्हणतो, खिडक्या उघडत नाहीत, घरात कपडे वाळवतात. भाडेकरू म्हणतो, भिंतच गळते. दोन्ही शक्य आहे, म्हणून खुणा पाहाव्यात. गळतीचा डाग एका जागी असतो, त्याची कड पिवळसर तपकिरी दिसते आणि पावसानंतर किंवा वरच्या मजल्यावरील न्हाणीघर वापरल्यानंतर तो वाढतो. जमिनीतून चढणारी ओल फरशीपासून सुरू होते, साधारण मीटरभर उंचीपर्यंत जाते आणि मागे पांढरे क्षार सोडते. हवेतील बाष्प थंड पृष्ठभागावर साचून आलेली ओल मात्र बाहेरच्या भिंतींच्या कोपऱ्यांत, कपाटांच्या मागे आणि खिडक्यांच्या कडांना दिसते, आणि काळी बुरशी सहसा हिच्यावर धरते.

खात्री करून घेण्याची एक साधी रीत आहे. भिंतीचा तो भाग पुसून कोरडा करावा, त्यावर ॲल्युमिनियमच्या फॉइलचा किंवा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करावा आणि एकदोन दिवसांनी काढून पाहावा. खोलीच्या बाजूने थेंब असतील तर बाष्प हवेतले आहे. भिंतीच्या बाजूने असतील तर पाणी भिंतीतून येत आहे. भिंतीतून येणाऱ्या पाण्याचा खर्च मालकाचा, याबद्दल वाद नसावा. हवेतल्या बाष्पाचे उत्तर तितके सरळ नाही, कारण खिडकी उघडणे भाडेकरूच्या हातात असले, तरी न्हाणीघराला खिडकीच नसेल आणि हवा बाहेर टाकणारा पंखाही नसेल, तर भाडेकरूने उघडायचे तरी काय?

घर सोडताना रंग आणि खिळ्यांच्या भोकांचा खर्च अनामत रकमेतून कापता येतो का?

उन्हाने फिका पडलेला रंग, फर्निचरमागे राहिलेली पुसट सावली, कॅलेंडरच्या एका खिळ्याचे भोक ही राहण्याची खूण आहे, नुकसान नव्हे. रंगीत खडूंनी भरलेली भिंत, मोठे ड्रिल केलेले छिद्र, न विचारता दिलेला गडद रंग हे नुकसान आहे. जपानमध्ये या एकाच विषयावरून इतके तंटे होत असत की तेथील मंत्रालयाने 1998 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या सुधारित दिवाणी संहितेत नेहमीची झीज भरून देण्याची जबाबदारी भाडेकरूची नाही असे कलमच घातले.

मालक जुन्या वस्तूच्या जागी नवी बसवून पूर्ण किंमत मागतो. ती द्यावी लागते का?

नुकसान भाडेकरूने केले असले, तरी त्याने जुनी वस्तू बिघडवलेली असते, नवी नव्हे. वस्तूचे नेहमीचे आयुष्य आणि उरलेले आयुष्य यांच्या प्रमाणात भरपाई काढणे हा न्याय्य मार्ग आहे. जपानच्या त्याच सूचनांमध्ये भिंतीच्या कागदाची किंमत सहा वर्षांत जवळपास शून्यावर येते असे धरले आहे. म्हणजे तीन वर्षे जुना कागद भाडेकरूने फाडला, तर त्याच्याकडे साधारण निम्मीच रक्कम मागता येते. आठ वर्षे चाललेला आणि दहा वर्षे टिकेल असा पंखा भाडेकरूच्या चुकीने जळाला, तर त्याच हिशेबाने भाडेकरूचा वाटा किमतीच्या पाचव्या भागाइतका येतो. मालकांना हा हिशेब आवडत नाही, कारण नवा पंखा विकत घेताना दुकानदाराला पूर्णच पैसे मोजावे लागतात. पण पुढची दहा वर्षे नवा पंखा फिरणार असतो मालकाच्याच घरात.

"ठरावीक रकमेपर्यंत भाडेकरू, त्यापुढे मालक" अशी मर्यादा घालणे योग्य आहे का?

व्यवहारात ही पद्धत सोपी आहे, कारण दर वेळी कारण शोधत बसावे लागत नाही. पण ती अपुरी लिहिली तर अन्याय करते. मर्यादेखालचे बिल दर महिन्याला येत राहिले, तर भाडेकरू वर्षभरात मोठी रक्कम भरून बसतो. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 1989 च्या निकालात म्हणूनच अशा कलमासाठी अटी घातल्या: ते फक्त भाडेकरू नेहमी हाताळतो त्या वस्तूंपुरते असावे, प्रत्येक दुरुस्तीला कमाल रक्कम असावी आणि वर्षभराच्या एकूण खर्चालाही मर्यादा असावी. बिल ठरलेल्या मर्यादेच्या वर गेले, तर भाडेकरूने मर्यादेपर्यंतचा हिस्सा देऊन उरलेले मालकाने द्यायचे अशी वाटणी तेथे होत नाही. पूर्ण बिल मालकाचे होते. 1992 मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक बाब स्पष्ट केली, ती म्हणजे असे कलम भाडेकरूकडून पैसे मागू शकते, पण कारागीर शोधून काम करवून घेण्याची जबाबदारी त्याच्यावर लादू शकत नाही.

पूर्ण बिल मालकाचे की फक्त वरची रक्कम, हा मुद्दा करारात बहुतेक जण विसरतात आणि पहिले मोठे बिल आले की त्यावरच अडतात.

बिघाड मालकाला कळवणे आवश्यक आहे का?

होय, आणि ताबडतोब. घरात मालक राहत नाही. सांगितल्याशिवाय त्याला कळणार कसे? इंग्लंडमधील ओब्रायन विरुद्ध रॉबिन्सन या 1973 च्या खटल्यात छत कोसळून भाडेकरू जखमी झाला, तरी दोषाची कल्पना मालकाला आधी नव्हती म्हणून त्याला जबाबदार धरले गेले नाही. शिवाय लहान गळती न कळवल्यामुळे खालचे लाकडी कपाट कुजले, तर गळतीचा खर्च मालकाचा राहिला तरी कपाटाचा भाडेकरूवर येऊ शकतो.

कळवताना ताकाला जाऊन भांडे लपवू नये. "जरा नळाचे बघा" असा मोघम निरोप देण्याऐवजी काय बिघडले, केव्हापासून, फोटो आणि काम कधीपर्यंत व्हावे ही अपेक्षा, असा लेखी संदेश पाठवावा. फोनवर बोलणे झाले असेल तर त्याच दिवशी दोन ओळींत त्याची लेखी नोंद करून पाठवावी.

मालक दाद देत नसेल, तर दुरुस्ती करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करता येतो का?

अनेक ठिकाणी येतो, पण अटींसह. भारतात 1882 च्या कायद्यानुसार, जी दुरुस्ती करण्यास मालक बांधलेला आहे ती त्याने सूचना मिळाल्यावर वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च व्याजासह भाड्यातून वजा करू शकतो. "बांधलेला आहे" हे शब्द येथे निर्णायक आहेत, कारण हे कलम मालकावर नवी जबाबदारी निर्माण करत नाही. 2021 च्या आदर्श कायद्यात वजावटीला कोणत्याही महिन्यात मासिक भाड्याच्या 50 टक्क्यांची मर्यादा आहे. उलट बाजूने, भाडेकरूने आपल्या वाट्याची दुरुस्ती टाळली तर मालक ती करून खर्च अनामत रकमेतून घेऊ शकतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात अशी वजावट एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त नसावी आणि 12 महिन्यांत दोनदाच करता येते.

सूचना न देता, पावती न ठेवता भाडे कमी भरले तर ती थकबाकी समजली जाते आणि घर खाली करण्याच्या मागणीला निमित्त मिळते. कायदा माहीत नसेल तर आधी सल्ला घ्यावा आणि तोपर्यंत भाडे पूर्ण भरावे.

मध्यरात्री पाइप फुटला तर परवानगीची वाट पाहायची का?

नाही. मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा, मालकाला फोन आणि संदेश दोन्ही करावेत, आणि नुकसान थांबवण्यापुरते काम करून घ्यावे. त्यानिमित्ताने सगळे न्हाणीघर नवे करून घेणे हे तातडीत बसत नाही.

दुरुस्तीच्या कारणाने मालक केव्हाही घरात येऊ शकतो का?

येऊ शकत नाही. आदर्श कायद्यात किमान 24 तास आधी सूचना देण्याची अट आहे आणि सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर प्रवेशाला मनाई आहे. भाडेकरूनेही वाजवी वेळ नाकारू नये. दोनदा आलेल्या प्लंबरला परत पाठवल्यावर गळती वाढली, तर वाढीव नुकसानीचा प्रश्न त्याच्याकडेच वळतो.

घर ताब्यात घेताना कोणती नोंद ठेवावी?

प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो, सगळे नळ व फ्लश चालवून पाहिल्याची नोंद, प्रत्येक स्विच, सॉकेट, कडी आणि काचेची स्थिती, उपकरणांचे अंदाजे वय आणि आधीच असलेले डाग व तडे. ही यादी दोघांच्या सहीने कराराला जोडावी. रिकाम्या घरात हे काम तासाभराचे असते. सामान लावून झाल्यावर कपाटामागची ओल आधीची की नंतरची, हे सांगणारा साक्षीदार उरत नाही.

करारातील कलम कसे लिहावे?

नमुन्यादाखल असे लिहिता येईल: "वॉशर, बल्ब, कड्या, जाळ्या व नेहमीची साफसफाई यांचा खर्च भाडेकरू करील. वयोमान, नेहमीची झीज किंवा बांधकामातील दोष यांमुळे झालेल्या अन्य बिघाडाचा खर्च मालक करील. भाडेकरूच्या वाट्याला येणारी कोणतीही एक दुरुस्ती ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त खर्चाची असल्यास तिचा संपूर्ण खर्च मालक करील, मात्र भाडेकरूच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान यास अपवाद राहील. भाडेकरूचा वार्षिक एकूण खर्च ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाणार नाही. बिघाड लेखी कळवल्यापासून ठरलेल्या दिवसांत मालक काम करवून घेईल." ठरलेल्या रकमा, मर्यादा आणि दिवस यांच्या जागी प्रत्यक्ष आकडे भरावेत. "वाजवी" हा शब्द शक्यतो टाळावा, कारण प्रत्येकाची वाजवीची कल्पना आपापल्या खिशाएवढी असते.

कारणाबद्दलच दोघांचे एकमत होत नसेल तर?

दोघांना मान्य असलेल्या एका कारागिराकडून कारण लेखी घ्यावे आणि त्याला आधी सांगावे की पैसे कोण देणार हे अजून ठरलेले नाही. आपल्याला पैसे देणाऱ्याच्या बाजूने बोलण्याचा मोह कारागिरालाही होतो. त्याच्या पाहणीचे शुल्क दोघांनी निम्मे वाटून घ्यावे. बदललेला जुना भाग टाकून न देता हिशेब पूर्ण होईपर्यंत पिशवीत घालून ठेवावा.